खिशांतली मैफल

जगांत नाना तऱ्हेचे हौशी लोक आहेत. कोणाला पोस्टाचीं तिकिटें जमविण्याचा नाद, कोणाला अत्तरांचा, कोणाला जुन्या घड्याळांचा. प्रत्येक नादाची एक खासगी भाषा असते आणि बाहेरच्या माणसाला ती थोडीशी विनोदी वाटते. पण खिशांत मावणाऱ्या, भारी किंमतीच्या संगीतयंत्रांचे जे शौकीन आहेत त्यांच्या भाषेला तोड नाहीं. त्यांच्या लेखीं आवाज नुसता मोठा किंवा लहान नसतो. तो ऊबदार असतो, थंड असतो. उजळ असतो, सांवळा असतो. एका यंत्रांत गाण्यामागचा काळोख अगदीं दाट असतो, दुसऱ्यांत तो राखाडी पडतो. एकाचा रंगमंच ऐसपैस, तर दुसऱ्याचा इतका अरुंद कीं तबलजी गवयाच्या मांडीवर बसल्याचा भास व्हावा. डोळा, जीभ आणि त्वचा यांच्याकडून शब्द उसने आणून बिचाऱ्या कानाचा संसार चाललेला असतो.

ऐकून हंसूं येतें खरें. पण आपल्याकडे तरी निराळें काय आहे? गवयाचा आवाज आपण गोल म्हणतों, पातळ म्हणतों, भरदार म्हणतों. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा दोरा सरकवून कारागीर जी जवारी लावतो, तिला आपण उघडी किंवा बंद म्हणतों. जणूं कांहीं ती खिडकीच आहे! तार घोडीच्या किंचित् बांकदार पाठीला घांसत कंप पावते, त्या घांसण्यांतून अनेक वरचे स्वर जागे होतात, आणि दोरा केसभर इकडचा तिकडे झाला कीं त्या स्वरांचा मेळ बदलतो. मिरजेचे कारागीर हें काम पिढ्यान् पिढ्या केवळ कानाच्या भरंवशावर करीत आले आहेत. तेथील सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. तेव्हां आवाजाला रंगरूप असतें हें आपण पूर्वींपासून मानीत आलों आहों. फरक एवढाच कीं, तंबोऱ्याविषयीं बोललें तर तें रसिकपण ठरतें आणि यंत्राविषयीं बोललें तर वेड ठरतें.

असें एक वेड गेल्या मे महिन्यांत आमच्या परभणीच्या घरांत शिरलें. आमचा पुतण्या संगणकाच्या धंद्यानिमित्त पुण्यास असतो. चार दिवसांच्या रजेवर तो आला, आणि पहिल्याच संध्याकाळीं त्यानें पिशवींतून एक मखमली डबी अशा हळुवारपणें बाहेर काढली कीं, याचें लग्न ठरलें असें घरांतल्या सर्वांना क्षणभर वाटलें. डबींतून निघाला तो सोन्यासारखा लखलखणारा एक प्लेअर. सोनी या जपानी कंपनीनें तो २०१६ सालीं काढला. आतां त्याचें उत्पादन बंद झालें आहे. त्याचें धड शुद्ध तांब्याच्या ठोकळ्यांतून कोरलेलें असून वर सोन्याचा मुलामा आहे. वजन ४५५ ग्रॅम. नवा होता तेव्हां त्याची किंमत ३,००० डॉलरांच्या वर होती. पुतण्यानें तो दुसऱ्या एका शौकिनाकडून जुना घेतला होता.

आमच्या सौ.नें तो स्वयंपाकघरांतल्या काट्यावर ठेवला आणि मनाशीं हिशेब करून म्हणाली, "अरे, एकोणचाळीस तोळे भरलं हे! आणि सोनं नुसतं वरवरचं? एवढ्या पैशांत एखादी खरी बांगडी तरी झाली असती."

"काकू, बांगडी वाजते का?" पुतण्या म्हणाला.

"वाजते तर!" ती म्हणाली, आणि आंत गेली.

पुतण्यानें आम्हांला तांब्याचें माहात्म्य सांगितलें. याच यंत्राचा ॲल्युमिनियमचा एक धाकटा भाऊ आहे, तो २६७ ग्रॅमचा. धाकट्याचा आवाज चपळ आणि सडपातळ, तर थोरल्याच्या आवाजाला अंग आहे, भरीवपणा आहे, असें शौकीन मंडळी सांगतात. शिवाय नवें यंत्र आणल्याबरोबर त्याच्याविषयीं मत द्यावयाचें नाहीं. दोनशें तास वाजवून मगच तोंड उघडावयाचें, असाहि त्यांच्यांत दंडक आहे. लोणचें मुरावें तसें यंत्र मुरवावें लागतें म्हणे! मुरतें तें यंत्र कीं ऐकणाऱ्याचा कान, हा प्रश्न मीं त्याला विचारला. त्यावर तो नुसता हंसला.

यंत्राला जोडावयाचा हेडफोन मात्र सेनहायझर या जर्मन कंपनीचा होता. तें ऐकतांच आमच्या वकीलसाहेबांनीं मांडीवर थाप मारली. परभणीच्या माणसाला दोन म्हणी लहानपणापासून पाठ असतात. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही ऐकून बाहेरगांवचा माणूस हंसतो; आणि 'जगांत जर्मनी, भारतांत परभणी' ही ऐकवून आम्ही हंसतों. दुसरी म्हण वकीलसाहेबांच्या गच्चीवर त्या रात्री अक्षरशः खरी झाली. आणि विचार करूं लागलों तों ती थट्टेपेक्षां बरीच खोल निघाली. १९०२ सालीं फ्रेड गायस्बर्ग या गृहस्थानें कलकत्त्यास गौहरजानचें गाणें मुद्रित केलें, तेव्हां त्या तबकड्या जर्मनींतल्या हॅनोव्हर शहरीं छापल्या गेल्या. गाणें संपल्यावर गौहरजान इंग्रजींत आपलें नांव सांगते, तें त्या परदेशी कारागिरांना ओळख पटावी म्हणून, असें म्हणतात. पुढें १९८२ च्या ऑगस्टमध्यें बाजारासाठीं पहिल्या सीडी निघाल्या त्या हॅनोव्हरला लागूनच असलेल्या लांगेनहागेन येथें. सेनहायझर कंपनी १९४५ सालीं स्थापन झाली तीहि हॅनोव्हरजवळच्याच एका खेड्यांत. आणि गाण्याचा आकार लहान करण्याची एमपी३ नांवाची जी विद्या, ती मुख्यत्वें एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेंत सिद्ध झाली. जर्मनीच्या वाट्याला इतकें सारें आलें. मग परभणीच्या वाट्याला काय? वकीलसाहेब म्हणाले, "आपल्याकडे कान!"

कान पांच होते. म्हणजे कानांच्या जोड्या. वकीलसाहेब, डॉक्टर, पुतण्या, मी आणि आमचे पेटीमास्तर. मास्तरांनीं सत्तरी ओलांडली आहे. त्यांचा कान आकाशवाणीच्या परभणी केंद्रावर आणि गांवोगांवच्या भजनी मंडळांत तयार झालेला. मे महिन्यांत आमच्याकडे दिवसभर घर भट्टीसारखें तापतें. रात्री दहानंतर गच्चीवर कोठें जीव थाऱ्यावर येतो. सतरंजी टाकली, पाण्याचा माठ ठेवला, आणि मैफलीला आरंभ झाला.

पहिलें गाणें कोणतें लावावयाचें, हें डॉक्टरांनीं ठरविलें. १९७७ सालीं अमेरिकेनें व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अवकाशांत सोडलीं, त्यांवर पृथ्वीवरच्या संगीताची एकेक तबकडी आहे. आणि तींत केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. ती तबकडीहि तांब्याचीच, वर सोन्याचा मुलामा दिलेली. दुसरें यान ५ सप्टेंबरला उडालें आणि त्यानंतर अकरा दिवसांनीं केसरबाई निवर्तल्या. आज तें यान २,४०० कोटि किलोमीटरांच्याहि पलीकडे गेलें आहे. "तांब्या-सोन्याच्या तबकडीवरचं गाणं तांब्या-सोन्याच्या पेटींतूनच ऐकायला हवं," डॉक्टर म्हणाले. या युक्तिवादाला उत्तर नव्हतें.

हेडफोन एक आणि श्रोते पांच. त्यामुळें झालें असें कीं, एकानें ऐकावयाचें आणि बाकीच्यांनीं त्याच्या तोंडाकडे पाहत बसावयाचें. मैफलींत आपण गवयाकडे पाहतों. येथें गवई अदृश्य, म्हणून आम्ही श्रोत्याकडे पाहत होतों. वकीलसाहेबांच्या भुंवया हळूहळू वर चढल्या, मान डोलूं लागली, एक हात हवेंत तरंगला, आणि त्या निःशब्द रात्री त्यांनीं एकाएकीं अशी 'वाहवा' फोडली कीं, गल्लींतलीं कुत्रीं भुंकूं लागलीं आणि शेजारच्या गच्चीवरून कोणी विचारलें, "काय झालं हो, साप निघाला काय?"

मग एकेकाचा अभिप्राय झाला. वकीलसाहेब म्हणाले, "आवाज कपाळाच्या बरोबर मध्यभागीं उभा राहतो, पिंजऱ्यांतल्या साक्षीदारासारखा. हलत नाही, डगमगत नाही." डॉक्टरांना छातीचा भाता ऐकूं आला, बाईंचें फुफ्फुस फार निरोगी असलें पाहिजे, असें त्यांचें निदान. पुतण्याला तबकडीचा खरखराट एका थरावर आणि गाणें दुसऱ्या थरावर असें स्वच्छ वेगळें दिसलें; होय, तो 'दिसलें' असेंच म्हणाला. मला वाटलें, पावसानें धुतलेल्या कांचेतून पलीकडचें झाड पाहावें तसें हें आहे. मास्तर कांहींच बोलले नाहींत. त्यांनीं गाणें पुन्हां लावावयास सांगितलें, आणि दुसऱ्यांदां ऐकून झाल्यावर म्हणाले, "बाई सुरावर चढत नाहीत. आधीच तिथं बसलेल्या असतात."

पुढें डॉक्टरांना शंका आली कीं, या साऱ्या कौतुकांत यंत्राचा वांटा किती आणि किंमतीचा किती? तेव्हां आम्हीं परीक्षा घ्यावयाचें ठरविलें. नववींत शिकणारी माझी नात पंच झाली. एकच गाणें दोन प्रतींत होतें. एका प्रतींत सीडीच्या मापानें एका सेकंदांत आवाजाचीं ४४,१०० मोजमापें घेतलेलीं, दुसरींत ९६,०००. कोणती केव्हां लावली हें तिनें सांगावयाचें नाहीं. प्रत्येकानें दहा वेळां ओळखावयाचें. निकाल असा लागला : वकीलसाहेब पांच, डॉक्टर चार, मी पांच, मास्तर पांच, आणि यंत्राचा धनी सहा. नाणें उडविलें असतें तरी याहून वाईट झालें नसतें. अमेरिकेंत २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अशाच एका प्रयोगांत ५५४ पैकीं २७६ उत्तरें बरोबर आलीं होतीं, म्हणजे निम्मींहि नव्हेत. २०१६ सालीं पुष्कळ प्रयोगांची एकत्र मोजणी झाली तेव्हां पारडें निम्म्याच्या किंचित् वर गेलें, इतकेंच.

दुसरी परीक्षा मात्र निराळी झाली. या वेळीं एक प्रत पूर्ण होती आणि दुसरी पूर्वींच्या काळीं जागा वांचविण्यासाठीं फार दाबून लहान केलेली. ही दाबण्याची विद्या मोठी चतुर आहे. मोठ्या आवाजाखालीं जवळचा लहान आवाज झांकला जातो, जातें फिरत असतांना रातकिडा ऐकूं येत नाहीं, तसा. मग जो ऐकूंच येणार नाहीं तो रातकिडा ठेवावयाचा कशाला, असा तिचा हिशेब. बेतानें दाबलें तर हा हिशेब चुकत नाहीं. हात सैल सोडला कीं चुकतो. येथें पुतण्याला दहांत सात गुण मिळाले, मला सहा, आणि मास्तरांना नऊ! वयानें सर्वांत थकलेला कान पहिला आला. पुतण्यानें त्यांना गुपित विचारलें. ते म्हणाले, "मी गाणं ऐकलंच नाही बाबा. तंबोरा ऐकला. एकीकडे जोडाची तार हळूहळू विझत जाते, दुसरीकडे कुणी फुंकर मारल्यासारखी."

खरें सांगावयाचें तर मैफल येथेंच संपली असती. परंतु पुतण्याच्या त्या यंत्रांत आणखी एक ध्वनिमुद्रण होतें. गंगाखेड तालुक्यांतल्या आमच्या मूळ गांवीं माझ्या आत्यानें १९८६ सालीं जात्यावर म्हटलेल्या ओव्या कोणी तरी साध्या टेपरेकॉर्डरवर घेतल्या होत्या. जनाबाईच्या गंगाखेडाकडे जात्याला देवघरांतल्या टाळाइतका मान. आतां त्या घरीं पिठाची गिरणीच काय, पिठाची पिशवी येते. गी प्वातव्हें आणि हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्रांतल्या खेड्यांखेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आमच्या आत्याची मात्र ही एकच कॅसेट. गेल्या दिवाळींत पुतण्यानें तिची प्रत करून घेतली होती.

उत्तम यंत्राचा एक निर्दय गुण असा कीं, तें चांगल्याला चांगलें दाखवितें आणि वाईटाला वाईट. कॅसेटची सरसर, टेपरेकॉर्डरच्या मोटारीची घुरघुर, सारें उघडें पडलें. आत्याचा आवाज मधूनच थांबे. दोन ओळी झाल्या कीं क्षणभर पोकळी. पुतण्या म्हणाला, फीत खराब झाली असावी. डॉक्टर म्हणाले, बाईंना दमा होता काय? वकीलसाहेबांनीं ओवीच्या छंदांतच यति असेल असा बचाव मांडला. एवढ्यांत सौ. दूध घेऊन वर आली. कोणी तरी हेडफोन तिच्या कानांवर चढविला. अर्धें मिनिट तिनें ऐकलें आणि म्हणाली, "अहो, दमा कसला? वैरण घालताहेत. जातं रिकामं झालं की खडखडतं. मूठ पडली की त्याचा आवाज जड होतो. तेवढ्यापुरती ओवी थांबते."

आम्हीं पुन्हां ऐकलें, आणि खरोखरच तसें होतें! खडखड वाढत जाई, ओवी थांबे, जातें एकदम सांवळें होई, आणि मग ओवी पुढें सरके. पांच शहाणे पुरुष ज्या पोकळींत आजार, बिघाड आणि व्याकरण शोधीत होते, तींत एक मूठभर ज्वारी होती. तिनें लहानपणीं जातें ओढलें होतें. तिच्या कानाला तिच्या हातानें शिकविलें होतें.

"आणि दोघी ओढताहेत," ती पुढें म्हणाली. "दुसरी गात नाही. तिच्या बांगड्या ऐकू येतात."

आतां माझी पाळी होती. मीं डोळे मिटून ऐकलें. जातें ऐकूं आलें, आत्या ऐकूं आली, फितीची सरसर ऐकूं आली. बांगड्या ऐकूं आल्या नाहींत. आवाज वाढविला, जातें तेवढें वाढलें. नातीनें हेडफोन लावला आणि लगेच म्हणाली, "आहेत की आजोबा! दोघींच्या आहेत."

डॉक्टरांनीं मला समजावून सांगितलें. प्रत्येक कानाच्या शंखांत सुमारें १५,००० केसाळ पेशी घेऊन माणूस जन्माला येतो. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आरंभींच, अगदीं दाराशीं असतात, म्हणून झीज प्रथम त्यांची. आणि एकदां गेलेली पेशी माणसाच्या कानांत पुन्हां उगवत नाहीं. मग ते पुतण्याकडे वळले. आठवड्याला ४० तास ऐकावयाचें असेल तर आवाज ८० डेसिबलच्या आंत असावा, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि जगांतल्या शंभर कोटींहून अधिक तरुण माणसांचे कान असल्या ऐकण्यानें धोक्यांत आहेत, असा तिचा अंदाज आहे. "तुझं हे यंत्र उद्या दुसरं मिळेल," डॉक्टर म्हणाले, "कान जुन्या बाजारांत मिळत नाही." पुतण्यानें न बोलतां यंत्राचा आवाज चार आंकडे खालीं आणला.

माझें मन मात्र त्या दुसऱ्या बाईपाशीं अडकलें होतें. १९८६ सालीं त्या घरांत आत्याच्या समोर जात्याला बसणारी म्हणजे बहुतकरून माझी आई. आईचा आवाज कोठेंहि मुद्रित झालेला नाहीं. ती गात नसे. आत्या गाई, आणि आई खुंटा ओढी. ती आईच होती असें छातीठोक कोण सांगणार? यंत्र सांगूं शकत नाहीं, आणि माझा कान तर दारांतूनच परत फिरला.

मीं नातीला म्हटलें, "कशा वाजतात त्या, मला सांग बरं."

ती विचारांत पडली. तिनें पुन्हां ऐकलें. मग म्हणाली, "आत्याआजींच्या पुष्कळ आहेत, त्या एकमेकींवर सांडतात. दुसरीच्या थोड्या आहेत. दोनच असतील. त्या... थंड आहेत, आजोबा. माठाच्या पाण्यासारख्या. आणि जरा मागं, अंधारांत आहेत."

आईच्या हातांत दोनच कांचेच्या बांगड्या असत. हें मीं नातीला कधीं सांगितलेलें नव्हतें.

थंड, अंधारांत, एकमेकींवर सांडणाऱ्या : हे सारे त्या शौकिनांचेच शब्द! त्यांची टवाळी करणें सोपें आहे, आणि पैसे फार खर्च करतात म्हणून करावीहि. परंतु एका माणसाच्या कानांत जें शिरलें तें दुसऱ्याच्या कानांत घालावयास याहून दुसरा रस्ता कोणाला सांपडला आहे? हेडफोन एकाच्याच डोक्यावर बसतो. त्याच्या बाहेर आणावयाचें तें शब्दांनींच.

पुतण्या आपली सोन्याची पेटी घेऊन पुण्यास परत गेला. ओव्यांची एक प्रत नातीच्या साध्या मोबाईलमध्यें आहे. तिचा इअरफोन दोनशें रुपयांचा. पण बांगड्या त्यांतहि वाजतात, असें ती म्हणते. सवड असली म्हणजे मी तिच्याजवळ बसतों. ती आवाज बेतानें ठेवून ऐकते आणि मला एकेक गोष्ट सांगते : आतां वैरण पडली, आतां दूर कोठें तरी बैलाची घांट वाजली, आतां ती दुसरी थांबली, बहुधा पदर सारखा करते आहे. मी सारें ऐकतों.